पाहुणे जेवत नाहीत

ज्यांनी मला चाळिशीत गाडी शिकवली, ते स्वतः गाडी चालवत नसत. येत नव्हती असं नाही. पण एक गाडी, एक पाटी आणि एक फोन एवढ्या भांडवलावर त्यांनी डोंबिवली पूर्वेला ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि तेव्हापासून ते डाव्या सीटवरच बसत आले. उजवीकडे बसायचं म्हटलं की त्यांना संकोच वाटायचा. "दुसऱ्याच्या पाटावर बसल्यासारखं होतं हो," म्हणायचे. सकाळचा पहिला विद्यार्थी त्यांच्या बिल्डिंगखाली यायचा आणि गाडी बाहेर काढायचा. तो दुसऱ्याच्या दारात उतरायचा, दुसरा तिसऱ्याच्या, असा खो-खो चालायचा. शेवटचा गडी गाडी परत त्यांच्या दारात आणून लावायचा. मध्ये कोणी आजारी पडला, तर सर गाडी तिथेच ठेवून चालत घरी जायचे.

आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. साठी उलटलेली, इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, आणि तोंडात कायम 'अहो'. विद्यार्थ्यांना अहो, रिक्षावाल्यांना अहो, भर रस्त्यात पसरलेल्या कुत्र्यालाही अहो. काच खाली करून ते म्हणायचे, "अहो, जरा सरकता का?" आणि तो सरकेपर्यंत थांबायचे. मागे हॉर्नचा शिमगा चाललेला असे. गाडीचाही ते मान राखत. "आता सेकंडमध्ये घ्या त्यांना. चढ आहे, दमल्यात."

शिकवणी आणि संसार यांत ते फरक करत नसत. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. दोघंही बिनलग्नाची. आक्का आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे घरात हिशेबही त्यांचा आणि हुकूमही त्यांचा. त्यांची सगळी कामं आमच्या तासात व्हायची. दळण, इस्त्रीचे कपडे, वातींचा कापूस. डोंबिवलीत माझ्या बॅचच्या सगळ्यांना गिरणीसमोर उत्तम गाडी लावता येते, कारण पार्किंग आम्हाला दुसरीकडे कुठे शिकवलंच नाही. मागच्या सीटवर गव्हाचा डबा असायचा. वळणावर झाकण वाजलं की सर म्हणायचे, "क्लच लवकर सोडलात. गव्हांना कळलं."

विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दोष राहत. एक होत्या हॉर्नवाल्या बाई, एक होते तिरके जोशी. जोशी हा मान त्यांना सरसकट द्यायचा असे, आडनाव काहीही असो. मी होतो ब्रेकवाले. रस्त्यावर उडती प्लास्टिकची पिशवी दिसली तरी माझा पाय ब्रेकवर जायचा.

आमची गाडी खरं तर बायकोची. ती चालवायची आणि मी शेजारी बसून नकाशा बघायचो. हे आमचं चांगलं चाललेलं. मग तिची नाशिकला बदली झाली आणि गाडी खाली कव्हर घालून उभी राहिली. "शिकून घे ना रे आता," ती फोनवर म्हणाली, "शनिवारी मला आणायला येशील." मला हो म्हणायची सवय आहे. म्हणून मी सरांकडे गेलेलो.

त्याच सुमाराला त्यांच्याकडे पाहुणे आले.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी होती. ठाण्याला कोलशेतला एकटी राहायची. तिला कंपनीने काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. तिच्याकडे एक अ‍ॅक्सोलॉटल होता. मलाही तोवर हा प्राणी माहीत नव्हता. मूळचा मेक्सिकोचा, राहतो पाण्यात, पण मासा नाही. वीतभर लांब, गुलाबीसर पांढरा, चार पाय, हाताला माणसासारखी बोटं, मानेच्या दोन्ही बाजूंना लालसर पिसांसारखे कल्ले. डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि तोंडाची ठेवणच अशी की सारखा हसतोय असं वाटतं. ती काचेच्या टाकीसकट त्याला घेऊन सरांकडे आली. म्हणाली, "सर, मी तीनदा नापास झाले तरी तुम्ही एकदासुद्धा ओरडला नाहीत. मला दुसऱ्या कुणाकडे ह्याला ठेवायचा धीर होत नाही."

सर नाही म्हणू शकले नाहीत. आक्का चष्मा लावून टाकीपाशी गेल्या.

"ही पाल आहे."

"पाल नाही गं. मेक्सिकोचे आहेत."

"मग मेक्सिकोची पाल."

सरांनी त्याला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो केलं. 'पाहुणे' हेच त्याचं नाव पडलं. आक्का माझ्याकडे तक्रार करायच्या, "मला जन्मात कधी अगंशिवाय हाक मारली नाही ह्यानं, आणि ह्या पालीला अहो!"

मुलीने सगळं समजावून सांगितलेलं. पाणी गार हवं, ऊन नको, आणि खायला डब्यातल्या गोळ्या, दिवसाआड. टाकीचा तळ तिने अगदी उघडा ठेवलेला. ते मात्र सरांच्या मनाला लागलं. घरी आलेल्या माणसाखाली साधी सतरंजीसुद्धा घालायची नाही, हे काय? ते बाजारात गेले आणि निळे, हिरवे, पांढरे, बोराएवढे चकचकीत दगड घेऊन आले. तळावर छान पसरले. पाहुणे त्यावर बोटं रोवून उभे राहिले आणि हसल्यासारखे दिसले.

पुढे दोन महिने सगळं ठीक होतं. मग ऐन मे महिन्यात एके सकाळी मी गाडी काढायला गेलो, तर सर जिन्यातच उभे.

"ब्रेकवाले," ते म्हणाले, "पाहुणे जेवत नाहीत."

गोळी समोर पडली तरी तोंड फिरवतात. आठवडा झाला म्हणे. त्या दिवशीच्या तासात आम्ही मासळी बाजारासमोर गाडी लावली. सरांनी आयुष्यात मासे खाल्ले नव्हते, त्यामुळे विकत घेण्याची रीतही माहीत नव्हती. पहिल्याच कोळणीसमोर जाऊन अदबीने उभे राहिले.

"अहो, कोळंबी द्या."

"कवरी देऊ?"

"एक."

"एक किलो?"

"नाही हो. एक कोळंबी."

तिने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगो बघ, दादाला एकच कोलंबी होवी. निवदाला नेतंय काय?" मग हसत हसत मूठभर कोळंबी कागदात बांधून दिली आणि पैसे घेईना. "घरान कोन आजारी हाय का?" तिने विचारलं. सर म्हणाले, "हो." तिने आणखी दोन टाकल्या.

पाहुण्यांनी कोळंबीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरांनी सोसायटीच्या कुंड्या उकरून गांडुळं काढली, तीही नाकारली गेली. पलीकडच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ म्हणाले, टाकीला आरसा दाखवा. तोही दाखवला. शेवटी आक्कांनी मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन टाकीची दृष्ट काढली. वर बजावलं, "माझा विश्वास आहे असं समजू नकोस. पण एवढं हसतंय कायम, कुणाची लागली असेल." आणि मिरच्या गॅसवर टाकल्यावर ठसका तेवढा आम्हा तिघांनाच लागला.

सरांचं शिकवण्यातलं लक्ष उडालं. मी चुकीच्या गिअरमध्ये कल्याणपर्यंत जाऊन आलो तरी ते काही बोलले नाहीत. एकदा गिरणीसमोर गाडी उभी असताना आपणहून म्हणाले, "मुलीला कळवलं नाहीये मी. परक्या गावात ती काम करील की रडत बसेल?" मग पायाखालचा त्यांच्या बाजूचा ब्रेक त्यांनी उगाच दाबून बघितला. "तुम्हा सगळ्यांना माझ्याकडून हा एक ब्रेक आहे. तुम्ही चुकलात तर मी आहे. ह्यांना माझ्याकडून ब्रेक नाही हो. नुसतं बघत बसायचं."

घरी जाऊन मी इंटरनेटवर शोधाशोध केली. कासवं, पोपट असल्या मंडळींना बघणाऱ्या एक डॉक्टर सापडल्या. नेमक्या कोलशेत रोडलाच. फोन केला तर म्हणाल्या, लगेच घेऊन या, पाणी तापू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी खाली पोचलो, तेव्हा सर थर्माकोलचा मोठा खोका घेऊन उभे होते. त्यात बर्फाच्या बाटल्या, मधोमध झाकणाचा डबा, डब्यात पाहुणे.

"चला," ते म्हणाले, "आज हायवे."

मी तोवर गिरणीच्या पलीकडे फार गेलेलो नव्हतो. कल्याणची ती एक फेरी सोडली तर माझं सगळं ड्रायव्हिंग एमआयडीसीच्या रिकाम्या गल्ल्यांत झालेलं. मी म्हटलं, "सर, आज तुम्ही चालवा. प्लीज."

"चालवतो की. मग डबा तुम्ही धरा. पाणी हिंदकळता कामा नये. आणि मधेमधे झाकण काढून बघायचं, श्वास चाललाय ना. आडवे झालेले दिसले तर तळहातावर घेऊन सरळ करायचं."

मी झाकण उचलून पाहिलं. ते बिनपापण्यांचे डोळे माझ्याकडेच बघत होते. मी मुकाट्याने ड्रायव्हर सीटवर जाऊन बसलो.

सर डावीकडे बसले आणि खोका मांडीवर मावेना म्हणून पायाशी ठेवला. गाडी गेटबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, खोका त्यांच्या ब्रेकवर बसलाय.

"सर, तुमचा ब्रेक..."

"हो, झाकला गेलाय. बघून चला."

पश्चिमेला उतरून आम्ही माणकोलीच्या नव्या पुलावर चढलो. खाली खाडी, वर मोकळा रस्ता, तिथवर ठीक होतं. पण माणकोली नाक्यावर नाशिक हायवेला लागलो आणि दोन्ही बाजूंनी कंटेनर. त्यांची चाकंच माझ्या खिडकीएवढी. स्टिअरिंग घामाने निसटत होतं. सरांच्या गाडीचा एसी शोभेचा, त्यामुळे आत भट्टी. एका ट्रेलरने इंडिकेटर न देता नाक घातलं. मी ब्रेक दाबला, क्लच दाबला, गिअर उतरवला, आरशात पाहिलं आणि पुन्हा वेग घेतला. गाडी बंद पडली नाही. मी धापा टाकत सरांकडे बघितलं. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. ते झाकण उघडून आत डोकावत होते, "आलं हं, जवळच आहे."

मी गाडी चालवतोय हे ते साफ विसरले होते. एवढं मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

साकेतच्या पुलावर ट्रॅफिक जाम झालं. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि बर्फाचं पाणी झालेलं. सरांनी खोक्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कोमट लागतंय." गाड्यांमधून एक पोरगेलासा माणूस गार पाण्याच्या बाटल्या विकत फिरत होता. सरांनी काच खाली केली.

"अहो, सगळ्या द्या."

"सगळ्या? चाचा, एवढी तहान?"

"मला नाही. पाहुण्यांना."

त्या माणसाने आत डोकावून पाहिलं, "अरे बाप रे, ये क्या है!" म्हणाला, आणि बाटल्या भराभर खोक्यात रचायला स्वतःच मदत करू लागला. पुढची रिक्षा सरकली तरी मी थांबून राहिलो. मागून हॉर्न. आयुष्यात पहिल्यांदा मला मागच्या हॉर्नची भीती वाटली नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पाहुण्यांच्या पोटाखालून हळूच बोट फिरवलं, एक्स-रे काढला आणि आम्हाला पडद्यावर दाखवला. पोटात एक गोल, ठसठशीत ठिपका.

"दगड गिळलाय. टाकीत दगड आहेत का?"

मीच हो म्हटलं.

"हे प्राणी तोंडाने पाणी ओढून खातात. खालचं बारीकसारीक काहीही सोबत आत जातं. सगळेच सजावटीला टाकतात दगड, तुम्ही एकटे नाही."

"मी त्यांना बसायला टाकले होते," सर म्हणाले. एवढंच. पण ते इतक्या खालच्या आवाजात म्हणाले की डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला केला.

उपाय मात्र डॉक्टरांनी हसत हसत सांगितला. ऑपरेशन शेवटचं. आधी पाहुण्यांना झाकणाच्या डब्यात पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. गारव्यात शरीराचं काम मंदावतं, त्रास कमी होतो, आणि बऱ्याचदा दगड आपोआप पडतो. रोज पाणी बदलायचं. फ्रीजर नव्हे, फ्रीज.

परतीच्या वाटेवर सरांना एकच चिंता. "आक्काला कसं सांगायचं?"

कारण फ्रीज आक्कांचा होता. त्यात कुठे काय ठेवायचं ह्याची घटनाच त्यांनी लिहिलेली. सरांना त्यातून फक्त पाण्याची बाटली काढायची परवानगी होती. आम्ही दोघं डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आक्कांनी दोनदा विचारलं, "फ्रीजमध्ये? जिवंत?" मग कमरेवर हात ठेवून भावाकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

आक्कांनी भाजीचा खण ओढला, त्यातली दुधी आणि फ्लॉवर बाहेर काढून ओट्यावर ठेवली.

"इथे ठेव," त्या म्हणाल्या. "दह्याच्या शेजारी चालणार नाही. आणि झाकणावर काहीतरी लिही, नाहीतर मी फोडणीला टाकायची."

सरांनी चिकटपट्टी लावून लिहिलं, 'पाहुणे'. पण शेजारच्या काकू विरजण न्यायला आल्या तेव्हा चष्मा विसरून आलेल्या. त्यांनी भाजीचा खण ओढून नेमका तोच डबा उघडला. त्यांची किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असं सांगतात. त्यानंतर त्या दही बाहेरून विकत आणू लागल्या.

पाणी बदलायचं काम सरांनी घेतलेलं, पण मी दोनदा अवचित गेलो तेव्हा दोन्ही वेळा आक्काच डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. एकदा तर त्याला दटावत होत्या, "हे बघ, माझा भाऊ साधा माणूस आहे. त्याला तोंडघशी पाडू नकोस." मी दिसल्यावर म्हणाल्या, "पाण्याला वास येतो का बघत होते."

मग एका दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. सर कधी दुपारी फोन करत नसत. मी बाहेर धावलो.

"अहो, पडला!"

"कोण पडलं? आक्का?"

"दगड! निळा!" मागून आक्कांचा आवाज आला, "धुऊन ठेवलाय म्हणून सांग."

संध्याकाळी मी गेलो. टाकीचा तळ आता मोकळा होता आणि समोर टेबल फॅन लावून पाणी गार ठेवलेलं. पाहुणे पाण्यात आले, चार पायांवर स्थिर झाले. सरांनी चिमट्यात गांडूळ धरलं. पाहुणे बराच वेळ नुसतेच हसत राहिले. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. आणि एकदम, दिसलंही नाही इतक्या झटक्यात, चिमटा रिकामा झाला.

सर चिमटा घेऊन तसेच बाल्कनीत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे जाणार तेवढ्यात आक्कांनी मला हाताने थांबवलं. "राहू दे. चहा घेतोस ना?"

पावसाळ्यात मला लायसन्स मिळालं. मी शनिवारी नाशिकला जाऊ लागलो. सरांची शिकवणी आता संपलेली, तरी रविवारी संध्याकाळी पाहुण्यांना बघायला चक्कर व्हायची. पाहुणे चांगले बोटभर वाढलेले.

दिवाळी झाली आणि ती मुलगी परत आली. फोन करून म्हणाली, येते न्यायला. आक्का म्हणाल्या, तिला विचारून बघ, ठेवते का इथेच. सरांनी ऐकलं नाही. "ठेव आहे ती. ज्याची त्याला द्यायची." उलट आपणच पोचवायला निघाले. ह्या खेपेला गाडी आमची, बायकोची. मी चालवायला, सर शेजारी एक लहान खोका मांडीवर घेऊन, आणि मागे आक्का. त्यांना का यायचं होतं विचारल्यावर म्हणाल्या, "कोलशेत बघितलं नाहीये मी."

मुलीचा फ्लॅट एकविसाव्या मजल्यावर. तिने सगळी तयारी केलेली, पाणी गार ठेवणारं यंत्रसुद्धा. सरांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं, तळ पाहिला, मान हलवली. मग दगडाची हकीकत तिला पहिल्यांदा सांगितली, स्वतःची चूक अजिबात न लपवता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, मला कळवायचं ना," एवढंच म्हणाली. आम्ही पाहुण्यांना टाकीत सोडलं. तिने सहज एक गांडूळ चिमट्यात धरलं.

पाहुण्यांनी ते क्षणात गिळलं. पाणी स्थिर व्हायचीही वाट पाहिली नाही.

"उत्तम," सर म्हणाले. "उत्तम झालं."

खाली आलो, गाडी सुरू केली. कापूरबावडी आलं. सर रिकामा खोका अजून मांडीवर धरून बसले होते.

"लगेच खाल्लं हो त्यांनी," ते म्हणाले.

"हो सर."

"आपल्याकडे पहिल्या दिवशी गोळीला शिवलेसुद्धा नव्हते."

"आपल्या घरी गेल्यावर भूक लागतेच, सर."

"तेच म्हणतोय मी. तसंच व्हायला पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, आम्ही सवय बिघडवली." ते खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

मागच्या सीटवरून आक्का पुढे वाकल्या आणि त्यांच्या मांडीवरचा खोका उचलून आपल्या शेजारी ठेवला.

"रडायचं असेल तर रड बाबा," त्या म्हणाल्या. "काचा बंद आहेत, आणि हा पुढे बघून चालवतोय."